मापावरची शीग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

समाजाच्या अन्नव्यवस्थेचं नियोजन कोणी आणि कोणासाठी करायचं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. बरीच वर्षं मालवाहतूक आणि गोदामांचं काम केलंय असं तुम्ही म्हणता, आणि ते तुमच्या वाक्यावाक्यात दिसतं. दोन ओळीत आभार मानून सुटणं बरं वाटेना, म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: भुकेल्याला आधी ताट हवं, न्यायाची चर्चा पोट भरल्यावर. अन्नाचं नियोजन म्हणजे रस्ते, शीतगृहं, गोदामं आणि चोख हिशेब; त्यात समता-न्याय घातले की समित्या निघतात आणि काम अडतं. वस्तीजवळ चांगलं दुकान आलं की लोक नीट खाऊ लागतील, या माझ्या दाव्याला पुरावा नाही. मोकळ्या जागा लोकांना भाजीपाला लावायला द्याव्यात, त्यात खर्चही नाही आणि भांडणही नाही. आणि शेवटचा, बोचरा मुद्दा: खाणाऱ्याला स्वस्त हवं आणि राबणाऱ्याला मजुरी जास्त हवी, हे एका दमात मागणाऱ्याला हिशेब येत नाही.

दुकानाबद्दल तुमचं बरोबर आहे, चुकलं माझंच. फिलाडेल्फियात एका गरीब वस्तीत नवं सुपरमार्केट उघडल्यावर काय झालं, याचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आता चांगलं अन्न जवळ मिळतं हे लोकांना जाणवलं, पण त्यांच्या खाण्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या घराघरांच्या खरेदीच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला. गरीब घरांना श्रीमंत घरांइतकाच माल, त्याच भावात समोर ठेवला असता तर दोघांच्या आहारातली दरी किती बुजली असती? सुमारे १० टक्के. नकाशावर दुकानांभोवती वर्तुळं काढायची, वर्तुळाबाहेर राहील त्याला ‘अन्नाचं वाळवंट’ म्हणायचं आणि तिथे दुकान नेऊन बसवायचं, असं मानणाऱ्यांत मीही होते. नकाशा दिसतो फार छान, तिथेच माणूस फसतो.

पण यावरून तुम्ही पुढे जे म्हणता ते मला पटत नाही. उरलेल्या फरकाला त्या अभ्यासात ‘मागणी’ म्हटलंय, आणि तुम्ही मागणीचा अर्थ आवड असा लावलात. लोकांना नकोच असतं, मग आपण काय करणार? दोन पाळ्या करून घरी आलेल्या बाईच्या मागणीत तिचे दुखणारे पायही मोजावे लागतात. घरात एकच शेगडी आहे, तीही. मुलांनी नवा पदार्थ ताटात तसाच टाकला तर दुसरं काही करून घालायला पैसे नाहीत, तेही. अशी बाई मुलं नक्की खातील तेच आणते, आणि तिचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का असतो.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. खरी गाठ तिथे आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घेते.

फ्लोरिडातल्या इमोकली गावाभोवती टोमॅटोची प्रचंड शेतं आहेत. तोडणीची मजुरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या बादलीवर ठरत आली. एका बादलीत ३२ पौंड, म्हणजे साधारण साडेचौदा किलो. ती भरायची, खांद्यावर घ्यायची, ट्रककडे पळायचं, वर उभ्या असलेल्या माणसाकडे झोकायची, टोकन घ्यायचं आणि परत सरीत. बादलीमागे अर्ध्या डॉलरच्या आसपास पडायचे. तिथल्या मजुरांनी १९९३ साली संघटन उभं केलं. पुढे त्यांनी शेतमालकाला बाजूला ठेवून थेट मोठ्या खरेदीदाराला गाठलं, कारण भाव खाली दाबणारा तो होता. २००१ मध्ये टाको बेल या फास्टफूड साखळीवर बहिष्कार सुरू झाला आणि २००५ मध्ये त्या कंपनीने मागणी मान्य केली. मागणी होती पौंडामागे एक सेंट जादा.

हिशेबाचं म्हणालात म्हणून हिशेबच करू. पौंडाला एक सेंट म्हणजे बादलीला ३२ सेंट. कागदावर बादलीची मजुरी अर्ध्या डॉलरवरून ८२ सेंटवर जाते, दीडपटीच्याही पुढे. आणि खाणाऱ्याच्या वाट्याला फार तर पौंडामागे तो एक सेंट. स्वस्त अन्न आणि रास्त मजुरी यांचं वैर आहे असं आपण धरून चालतो, कारण या दोघांच्या मधे बसलेल्याचा वाटा कोणी टेबलावर मांडतच नाही. (सगळ्याच पिकांत गणित इतकं सोपं नसतं, हे मान्य. आणि काही मोठे खरेदीदार अजूनही या व्यवस्थेत आलेले नाहीत.)

पण मला सेंटपेक्षा बादली महत्त्वाची वाटते. करारात माप ३२ पौंडांचं. बादली काठोकाठ भरली की माप पुरं व्हायला हवं. प्रत्यक्षात काठोकाठ चालत नसे, वर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, लागायची. शीग नसेल तर टोकन नाही. ती शीग कोणत्याच कागदावर नव्हती. मालाचा तक्ता बनवणाऱ्याला ती दिसली नसती, खरेदीदाराच्या तपासनिसालाही नाही, आणि रागावू नका, पण तुम्हालाही दिसली नसती. ज्याच्या खांद्यावर ती होती त्यालाच ती ठाऊक. २०११ पासून मजूर, शेतमालक आणि खरेदीदार यांच्यातल्या करारांचे, म्हणजे फेअर फूड प्रोग्रॅमचे, नियम तिथल्या शेतांवर लागू होऊ लागले. ते नियम मजुरांच्या संघटनेतून आलेले, त्यामुळे त्यात हे अगदी स्पष्ट आहे: बादली काठापर्यंत, वर ढीग नाही. तेवढ्यानेच मजुरी दहाएक टक्क्यांपर्यंत सुधारते. म्हणजे दहा बादल्या भराव्यात तेव्हा एकीएवढा माल फुकट जात होता.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर तिथे वजनमाप चुकीचं होतं, आणि ती चूक दिसण्याच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला नियम लिहायला बसवल्यावर ती निघाली. न्याय मागून घुसडला म्हणता, तो मला इथे हिशेबातच सापडतो.

समित्यांचा तुमचा राग मला कळतो. मीही अशा एका बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसले होते. विषय होता, वस्तीत शेतमालाचा आठवडी बाजार कुठे भरवायचा. बैठक भर दुपारी, कामाच्या दिवशी. एक बाई उशिरा आल्या, दाराजवळ बसल्या, आणि निघायची घाई असल्यासारख्या मधेच म्हणाल्या, “जागा कुठलीही ठरवा, पण तुमचा बाजार उठतो तेव्हा मी कामावरून सुटते.” कोणीतरी “हो, बघू” म्हणालं. मी ते वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही. वेळ हा विषय पत्रिकेवर नव्हता ना! ‘उपस्थितांनी जागेस सहमती दर्शवली’ असं लिहून मोकळी झाले. अमेरिकेतल्या नियोजन-अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसतं मत विचारून घेणं चौथ्या पायरीवर आहे आणि त्याला त्यांनी दिखाऊपणातच धरलंय. आमची बैठक त्या पायरीपर्यंतही पोचली नव्हती. आराखड्याच्या सल्लागाराला त्या दिवसाचं मानधन होतं, त्या बाईंची मात्र तासाभराची मजुरी बुडाली. तेव्हा समित्या कमी करा म्हणालात तर माझी हरकत नाही. आहेत त्या संध्याकाळी घ्या आणि बुडालेली मजुरी भरून द्या, एवढंच मागते.

आणि समिती टिकवावीही लागते. ब्राझीलच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषदेत दोन तृतीयांश सदस्य सरकारबाहेरचे होते. २०१९ च्या पहिल्याच दिवशी नव्या सरकारने ती मोडीत काढली. ती परत उभी राहायला २०२३ उजाडलं.

पण त्याच ब्राझीलमध्ये तुमच्या ‘आधी ताट’चंही उत्तर आहे. बेलो ओरिझोंची शहराने १९९३ मध्ये अन्न हा नागरिकाचा हक्क मानून त्यासाठी महापालिकेत वेगळं खातं काढलं. तिथल्या सरकारी भोजनगृहात कोणीही जावं, गरिबीचा दाखला मागत नाहीत. कारकून, पेन्शनर, रस्त्यावर झोपणारा, सगळे एकाच रांगेत. दाखला मागितला असता तर ज्याच्याकडे कागदच नाहीत तो पहिला गळाला असता. या सगळ्या खटाटोपाला शहराच्या अंदाजपत्रकातला दोन टक्क्यांहून कमी भाग लागला. पुढे २००९ च्या राष्ट्रीय कायद्याने शाळांतल्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग छोट्या कुटुंब-शेतकऱ्यांकडून खरेदीला बांधून दिला. तिथे ताट आणि न्याय यांच्यात आधी-नंतर काही नव्हतं.

मोकळ्या जागांबद्दल एवढंच: लॉस एंजेलिसमध्ये १४ एकरांवर सुमारे ३५० कुटुंबं भाजीपाला पिकवत होती. शहराने ती जमीन २००३ मध्ये जुन्या मालकाला विकली आणि जून २००६ मध्ये पोलिसांनी कुटुंबांना बाहेर काढलं. तेव्हा जागा जरूर द्या, पण किती वर्षांसाठी आणि कोणाच्या नावावर, ते कागदावर येऊ द्या. भांडण नाही म्हणता, ते त्या कागदाशीच सुरू होतं.

दुकानाबद्दलचं माझं मूळ लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलंय आणि ते तुमच्यामुळे बदललं असं खाली नोंदवलंय. तुम्ही गोदामाच्या आराखड्याबद्दल लिहायची तयारी दाखवलीत, ते नक्की लिहा. फक्त त्यात माल उतरवणाऱ्यांची मजुरी नगावर आहे की तासावर, आणि नग मोजतं कोण, हेही येऊ द्या.