जहाजाची लाकडं, जमिनीचा टॅक्स आणि पावसात घसरणारी मांजरं

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेलच. काळ्या लाकडी पट्ट्या, मधे पांढऱ्या भिंती असं इंग्लंडमधल्या कुठल्यातरी खेड्यातलं जुनं घर आणि खाली 'पाचशे वर्षांपूर्वी इंग्रज किती दरिद्री होते बघा' म्हणून यादी. घरं म्हणे मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडांची, माडी पुढे काढली कारण टॅक्स फक्त खालच्या जमिनीवर बसायचा, खिडक्या लहान कारण खिडक्यांवरही टॅक्स, दारं बुटकी कारण माणसं बुटकी, आणि कळस म्हणजे छपराच्या गवतात कुत्री-मांजरं झोपायची नि पाऊस आला की घसरून खाली पडायची. हा शेवटचा किस्सा १९९९ पासून इंग्रजी ईमेलमधून फिरतोय, आता मराठीत आलाय एवढंच.

मला यातली चूक नाही खटकत तेवढी, पण प्रत्येक गोष्टीचं कारण एकतर गरिबी नाहीतर टॅक्सचुकवेगिरी, सुताराने डोकं चालवलं असेल हे कोणाच्या मनातच येत नाही, हे जास्त खटकतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक घर समोर ठेवू. बे-लीफ नावाचं शेतकऱ्याचं घर, मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बाऊ बीचचं धरण होणार म्हणून १९६८-६९ मधे लाकूड न् लाकूड सोडवून काढलं आणि आता ते वेस्ट ससेक्समधे सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड म्युझियममधे उभं आहे. एकूण चार खण. मधले दोन म्हणजे हॉल, थेट आढ्यापर्यंत उघडा, जमिनीवर मधोमध चूल. एका टोकाला खाण्यापिण्याचं सामान ठेवायच्या दोन खोल्या, दुसऱ्या टोकाला मालकाची बैठक नि वर झोपायची खोली. लाकडातली दरवर्षी एक वाढणारी वलयं मोजून जुना भाग १४०५ ते १४३० मधला निघाला आणि मालकाचं टोक १५०५-१० च्या सुमाराचं.

आता टॅक्स. जमिनीच्या क्षेत्रफळावर घरपट्टी असला प्रकार तेव्हा इंग्लंडमधे नव्हताच, आणि असता तरी चहूबाजूंनी शेतं असलेल्या खेड्यात फूटभर जागा वाचवून मिळवायचं काय? शिवाय या पद्धतीच्या घरात पुढून बघितलं तर दोन्ही टोकांची माडी पुढे आलेली आणि मधला हॉल आत राहिलेला दिसतो, कारण हॉलला माडीच नाही, तुळया पुढे काढायच्या कुठून? पण छप्पर मात्र एकच, सरळ रेषेत, मग मधल्या भागावर जी छपराची कड अधांतरी राहते तिला दोन्ही बाजूंनी वाकडे टेकू दिलेले असतात. हा सगळा खटाटोप टॅक्स चुकवायला? माडी पुढे काढणं महाग पडायचं, लाकूड जास्त लागायचं, आणि तोच दिखाव्याचा भाग होता, गावाला दिसलं पाहिजे ना.

खिडक्यांचं तर एका ओळीत संपतं. खिडक्यांवरचा टॅक्स आला १६९६ मधे नि गेला १८५१ मधे, बे-लीफचा हॉल त्याच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीचा. आणि त्याच्या हॉलची खिडकी लहान नाहीच, चांगली उंच आहे, फक्त काच नाही, उभे लाकडी गज आणि आतून झडपा.

जहाजांच्या गोष्टीत लोकांना सगळ्यात जास्त मजा येते, स्थानिक लोकसुद्धा पाहुण्यांना हेच सांगतात. कारण काय, तर लाकडं वाकडी आहेत नि त्यात रिकाम्या खाचा दिसतात. अहो, वाकडं झाड मुद्दाम निवडायचे, कमानीसारखा टेकू हवा तर सरळ ओंडका कापून काय उपयोग. आणि रिकाम्या खाचा म्हणजे तिथली भिंत किंवा टेकू नंतर कोणीतरी काढलाय, नाहीतर लाकूड आधीच्या एखाद्या घराचं आहे. मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ओक ताजं असताना कापायला सोपं, वाळलं की दगड, म्हणून सुतार झाड तोडून थोड्याच महिन्यांत ओलंच वापरायचे. ते नंतर घरातच वाळतं, पिळवटतं, फुटतं, जुन्या घरातल्या तुळया वेड्यावाकड्या दिसतात त्या त्यामुळे. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं काढलेलं, लोखंडी बोल्टांनी भरलेलं जहाजाचं लाकूड रस्ते नसलेल्या काळात बैलगाडीतून आत खेड्यात आणून पुन्हा नव्याने कोरणार कोण?

जवळ जाऊन सांधा बघितला की शंका उरत नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार लाकडी खुंटी. पण जिभेतलं भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित सरकवून पाडायचे, म्हणजे खुंटी ठोकली की ती सांधा आत ओढून घट्ट बसवते, खिळा एक नाही. शेजारी रोमन आकड्यांसारख्या रेघा ओरखडलेल्या असतात, कारण सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचा, नंबर टाकायचे, सोडवायचा, गाडीत घालून जागेवर न्यायचा नि उभा करायचा. म्हंजे ज्याला आपण जुगाड म्हणून हसतोय ते त्या काळातलं प्रीफॅब होतं. जहाजांच्या लाकडांची खरीखुरी 'ट्युडर', म्हणजे सोळाव्या शतकातल्या घरांसारखी दिसणारी, इमारत हवी असेल तर लंडनचं लिबर्टी हे दुकान बघा, एचएमएस इम्प्रेग्नेबल आणि एचएमएस हिंदुस्तान या युद्धनौकांची लाकडं वापरून बांधलेलं, पण ते १९२४ चं.

फोटोतला काळा-पांढरा रंग? बहुतेक ठिकाणी ती एकोणिसाव्या शतकातली फॅशन. आधी ओक तसंच सोडायचे, ते करडं पडायचं, किंवा लाकडासकट सगळ्यावर चुना मारायचे. मधल्या भिंती म्हणजे आपल्याकडचा कुडच, हेझल नावाच्या झुडपाच्या फोका विणून वर माती, पेंढा, शेण.

बुटक्या माणसांचं बोलायचं तर सापडलेल्या सांगाड्यांवरून तेव्हाच्या पुरुषाची सरासरी उंची साधारण पाच फूट सात इंच निघते, आपल्यातल्या निम्म्यांना तेवढी मिळाली तर चालेल. डोकं आपटतं ते बहुतेक नंतरच्या कामात. सोळाव्या-सतराव्या शतकात लोकांनी धुराडी बांधली, मग उघड्या हॉलमधे मधेच माळा टाकला, तिथे छत खाली आलं. एसेक्समधल्या रॅडविंटरचा पाद्री विल्यम हॅरिसन १५७७ मधे लिहून गेलाय की गावातले म्हातारे म्हणतात, आमच्या हयातीत केवढी धुराडी झाली!

दारिद्र्याचं म्हणाल तर १३४८-४९ च्या प्लेगमधे तिथली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली, जमीन मोकळी पडली, मजुरी वाढली, आणि जे जगले त्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या हातात पुढच्या पिढ्यांमधे पैसा आला. ही घरं त्या पैशातून झाली. सगळे असे राहत नव्हते हे खरंय, अगदी गरिबांची घरं टिकलीच नाहीत म्हणून ती फोटोत येत नाहीत. पण बे-लीफच्या माडीवर झोपायच्या खोलीला लागून संडास होता, भिंतीबाहेर काढलेला, खाली खड्डा. १५१० च्या आसपास, शेतकऱ्याच्या घरी!

राहिली मांजरं. बे-लीफवर गवत नाहीच, मातीची कौलं आहेत. आणि जिथे गवत होतं तिथे ते दाबून, घट्ट बांधून शाकारलेलं, पाखं इतकी उभी की पाणी थांबू नये, त्यात उंदीर नि चिमण्या शिरतील, कुत्रं कसं शिरणार? शिवाय खाली दिवसभर चूल पेटलेली, धुराडं नाही, सगळा धूर आढ्याखाली जमायचा. डेव्हनमधे काही घरांवर छपराचा तळचा मध्ययुगीन थर अजून जागेवर आहे, काजळीने काळाकुट्ट, आणि त्या काजळीनेच टिकलेल्या ओंब्यांमधे गव्हाचे असे जुने वाण सापडलेत जे आता कोणी पेरत नाही.