हिवाळ्याने संस्कृती घडवल्या, हा दावा कुठे फसतो?

थंड प्रदेशांत हिवाळ्याची बेगमी करावी लागल्यामुळे माणसे कष्टाळू आणि दूरदर्शी झाली, उष्ण प्रदेशांत निसर्गाने सगळे आयते दिल्यामुळे ती सुस्तावली आणि म्हणूनच आजचे श्रीमंत देश थंड पट्ट्यात आहेत, असा मजकूर मोठ्या प्रमाणावर फिरत आहे.

त्यातले पहिले विधान कालक्रमाशी जुळत नाही. लेखनाचे सर्वांत जुने नमुने इ.स.पू. ३२००च्या सुमारास दक्षिण इराकमधील उरुक येथे मिळतात, आणि तिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उत्तर युरोपातील स्कँडिनेव्हियात रून ही तिथली सर्वांत जुनी लिपी दिसू लागली ती त्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षांनी. हिवाळा मात्र तिथे या संपूर्ण काळात होताच. अकराव्या शतकात स्पेनमधील तोलेदोच्या साइद अल-अंदलुसी या विद्वानाने तर नेमका उलटा निष्कर्ष काढला होता, की सूर्यापासून दूर राहिल्यामुळे उत्तरेकडील लोकांची बुद्धी मंद असते. उत्तम हवामान कोणते, हे ठरवणारा बहुधा आपल्याच अंगणात उभा असतो.

‘आयते मिळाले’ हे दुसरे विधान अधिक दिशाभूल करणारे आहे. नाईलचा पूर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चढे, तो ओसरताच गाळाच्या ओल्या जमिनीत पेरणी होई आणि दरवर्षीच्या पुराबरोबर जमिनीतले क्षारही धुऊन जात. इराकमधील युफ्रेटिस आणि तैग्रिस या नद्यांना मात्र पूर येई तो वसंतात, म्हणजे पीक कापणीला आलेले असताना. त्यामुळे पुरापासून शेत वाचवायला बांध आणि पेरणीच्या वेळी पाणी आणायला कालवे, अशी दुहेरी मेहनत तिथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला आली. कालव्याचे पाणी मुरून भूजल वर चढे, कडक उन्हात ते उडून जाई आणि क्षार तेवढे मातीत उरत. गव्हाला खारटपणा फारसा सोसत नाही, म्हणून दक्षिण इराकमध्ये सातूचा पेरा वाढत गेला, आणि रानझुडपांच्या खोल मुळांनी जमिनीतली ओल शोषून घ्यावी यासाठी शेत वर्षाआड पडीक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही प्रदेश उष्ण आणि कोरडेच होते. फरक पडला तो पुराच्या वेळेमुळे आणि पाण्याच्या निचऱ्यामुळे. भूगोलाचा प्रभाव नाकारायचे कारण नाही, पण तो शोधायचा तर असा, माणसाच्या स्वभावात नव्हे.

उरले आजच्या श्रीमंतीचे. उष्ण कटिबंधाला हिवताप अधिक छळतो आणि आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात गुरांमध्ये जीवघेणा रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीमुळे ती टिकत नसल्याने नांगराला बैलच मिळाले नाहीत, हे तोटे खरे आहेत. पण त्यांचा आळसाशी संबंध नाही. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असूनही श्रीमंत आहे. कोरियाच्या दोन भागांतील उत्पन्नाची प्रचंड दरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे, आणि त्यांतला अधिक थंड भाग गरीब आहे.