मूळ इंजिनामागे ऑटोमॅटिक: त्या ढकलपत्राला उत्तर

जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेल्या माणसाकडे हे ढकलपत्र कधी ना कधी येतंच. माझ्याकडे ते आतापर्यंत चार जणांकडून आलंय. मजकूर साधारण असा: ‘व्हिंटेज गाडीच्या मूळ इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावू नका. असलं काम कुठल्याच कंपनीनं केलेलं नाही. निम्मी ताकद ऑटोमॅटिकच खातं. क्रँकची वाट लागते, इंजिन उकळतं, गिअर वेळेवर पडत नाहीत आणि गाडीची किंमत मातीमोल होते. ऑटोमॅटिकच हवं असेल तर इंजिनही नवीन टाका.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. गाडीचं मूळपण राखायचं म्हणून इंजिनच काढून टाकायचं! चला, एकेक मुद्दा घेऊ.

‘कुठल्याच कंपनीनं केलेलं नाही.’ साफ खोटं. ओल्डस्मोबाइलनं 1940 च्या मॉडेलला हायड्रामॅटिक हे ऑटोमॅटिक दिलं, ते साइड-व्हॉल्व्ह (म्हणजे फ्लॅटहेड, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या) इंजिनामागेच. पुढच्या वर्षी कॅडिलॅकच्या फ्लॅटहेड व्ही-8 मागे तेच आलं. युद्धात अमेरिकेच्या एम-5 स्टुअर्ट रणगाड्यात अशी दोन कॅडिलॅक इंजिनं बसवली, दोन्हींच्या मागे हायड्रामॅटिक. चिखलातून रणगाडा ओढणाऱ्या जोडीबद्दल ‘जुन्या इंजिनाला झेपत नाही’ म्हणायला जरा धाडसच लागतं. फोर्डच्या फ्लॅटहेडला 1951 ते 1953 या काळात फोर्डोमॅटिक कारखान्यातूनच मिळत होतं. 1953 ची पहिली कॉर्व्हेट तर सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गिअरचं पॉवरग्लाइड घेऊनच आली. रोल्स-रॉइसनंही 1950 च्या दशकात जनरल मोटर्सचं हायड्रामॅटिक आपल्या इंजिनामागे लावलं, तेव्हा कुणाची मान खाली गेली नाही.

‘निम्मी ताकद खातं.’ ऑटोमॅटिक ताकद खातं हे खरं. आतला पंप इंजिन चालू असेपर्यंत फिरत राहतो आणि टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी बसणारा, तेलातून ताकद पुढे देणारा डबा) थोडा घसरतोच. पण गाडी जागेवरून उचलताना हाच कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास दुप्पट करून देतो, हे सांगायला ढकलपत्र विसरतं. गाडी ‘मेल्यासारखी’ उचलते ती बहुतेकदा चुकीच्या कन्व्हर्टरमुळे. ब्रेक घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दिला की इंजिन ज्या आरपीएमला अडतं, तो स्टॉल. तो कन्व्हर्टरवर कोरलेला आकडा नव्हे, पुढच्या इंजिनाच्या टॉर्कवर ठरतो, आणि टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. मोठ्या व्ही-8 मागे 1800 ला अडणारा कन्व्हर्टर निम्म्या टॉर्कच्या इंजिनामागे लावला तर साधारण 1270 लाच अडेल. तिथे जुनं इंजिन अजून दम धरत असतं. लहान व्यासाचा, जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर घेतला की हीच गाडी वेगळी वाटते. इथे एक गोष्ट मात्र मान्य करतो: 40 हॉर्सपॉवरच्या फोर्ड मॉडेल-ए सारख्या इंजिनामागे मी स्वतः ऑटोमॅटिक लावणार नाही. तिथे खाल्लेला प्रत्येक घास जाणवतो.

‘क्रँकची वाट लागते.’ हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय, आणि यात वाट लावणारा कोण हे नीट बघायला हवं. मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) अक्षाच्या दिशेनं पुढे ढकलला जातो आणि तो भार थ्रस्ट बेअरिंग झेलतं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही, म्हणजे तो रोजचा दाब जातो. बेअरिंग मरतं ते दुसऱ्या कारणानं, आणि ते मी माझ्या हातानं करून बसलोय.

कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये टप्प्याटप्प्यानं बसतो. वरून फिरवत, हलकेच ढकलत राहायचं. एकदा ‘टक्’ होतं, मग आणखी आत, पुन्हा ‘टक्’. शेवटच्या टप्प्यात त्याच्या मानेवरच्या खाचा पंपाच्या दातांत अडकतात. मी त्या दिवशी शेवटच्या आवाजाची वाट पाहिली नाही. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं आवरण) ब्लॉकला टेकेना, म्हणून बोल्ट आवळून आवळून टेकवलं. इंजिन चालू केल्यावर आलेला आवाज अजून कानात आहे. पंपाचे तुकडे झाले आणि तोवर सगळा दाब क्रँकवर. दोष इंजिनाचा होता का?

बरोबर पद्धत अशी: बेलहाउसिंग हातानं ढकलून, बोल्ट न आवळता, ब्लॉकला चिकटून बसलं पाहिजे. त्यानंतर कन्व्हर्टर बोटानं मोकळा फिरला पाहिजे आणि तो फ्लेक्सप्लेटपर्यंत (क्रँकला जोडलेल्या पातळ चकतीपर्यंत) पुढे ओढायला एक ते दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा उरली पाहिजे. जागा अजिबात नाही तर थांबा, पुन्हा काढा. जागा फार जास्त असेल तर कन्व्हर्टर पुढे आल्यावर पंपातली पकड कमी पडते; तिथे स्पेसर लागतो.

अ‍ॅडाप्टर प्लेटचंही (इंजिनाला दुसरा गिअरबॉक्स जोडणाऱ्या प्लेटचंही) तेच. प्लेट विकत आणली म्हणजे केंद्र जुळलं असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. डायल गेज क्रँकच्या फ्लँजवर बसवायचं, टोक बेलहाउसिंगच्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर ठेवायचं आणि इंजिन हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचं. काटा दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलला तर केंद्र प्रत्यक्षात पाच थाउ सरकलंय, कारण गेज दुप्पट दाखवतं. याहून जास्त असेल तर ऑफसेट डोवेल पिना (केंद्र थोडं सरकवणाऱ्या खिळ्या) वापरून सरळ करा. न करता जोडलं तर आधी पुढचं सील गळायला लागतं, मग पंपाचा बुश झिजतो, शेवटी फ्लेक्सप्लेट बोल्टांभोवती तडकते. आणि मग लोक म्हणतात, जुनं इंजिन ऑटोमॅटिक पेलत नाही.

‘इंजिन उकळतं.’ फ्लॅटहेड व्ही-8 मध्ये एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधल्या पाण्याच्या जॅकेटमधूनच बाहेर जातात. ते इंजिन तापायला कारणच शोधत असतं. त्यात गिअरबॉक्सच्या तेलाची उष्णता रेडिएटरवर लादली तर उकळणारच. लादू नका. हवेनं थंड होणारा स्वतंत्र ऑइल कूलर लावा. विषय संपला.

‘गिअर वेळेवर पडत नाहीत.’ लक्षण खरं, निदान चुकीचं. टीएच-350 किंवा फोर्ड सी-4 सारख्या गिअरबॉक्सना इंजिनावरचा भार इनटेकमधल्या व्हॅक्यूमवरून कळतो. मूळ, सौम्य कॅमच्या इंजिनाचं व्हॅक्यूम छान स्थिर असतं. तक्रार येते ती कॅम ‘गरम’ केलेल्या, म्हणजे जास्त ताकदीसाठी कॅम बदललेल्या इंजिनांची. फक्त वायपर चालवणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीतून फाटा काढू नका. दुसरी गोष्ट गव्हर्नरची, म्हणजे गाडीच्या वेगानुसार गिअर पाडणाऱ्या भागाची. पाच हजार आरपीएम फिरणाऱ्या इंजिनासाठी जुळवलेला गव्हर्नर, जेमतेम 3800 ला दम संपणाऱ्या इंजिनामागे लावला तर पूर्ण थ्रॉटलवर गिअर उशिराच पडणार. त्याची वजनं आणि स्प्रिंग बदलता येतात: वजन जड किंवा स्प्रिंग मऊ केली की गिअर लवकर पडतो. खरी भीती आहे ती 700-आर-4 सारख्या केबलवाल्या गिअरबॉक्सची. तिथली केबल नुसती किकडाउनसाठी (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडण्यासाठी) नसते, आतल्या तेलाचा दाबच ती ठरवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या लिव्हरचा कोन वेगळा पडला, पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ओढली गेली नाही, तर क्लच प्लेटा थोड्याच अंतरात जळून जातात. मूळ कार्ब्युरेटर ठेवणाऱ्यानं म्हणूनच व्हॅक्यूमवाला गिअरबॉक्स निवडलेला बरा.

‘किंमत मातीमोल.’ इथे ढकलपत्राच्या बाजूनं थोडं बोलावं लागेल. 1948 पर्यंतच्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत, म्हणजे टॉर्क ट्यूबमध्ये असतो आणि चाकांचा रेटा त्या नळीतून पुढे येतो. शिवाय त्या काळच्या फ्लॅटहेडमध्ये बेलहाउसिंगचा भाग ब्लॉकबरोबरच ओतलेला असतो. ऑटोमॅटिक लावायचं तर मागचा अ‍ॅक्सल उघड्या शाफ्टचा करावा लागतो आणि चॅसीच्या मधल्या एक्स-मेंबरला (एक्स आकाराच्या आधाराला) कात्री लागण्याची पाळी येते. ते एकदा कापलं की कापलं. 1949 पासून बेलहाउसिंग वेगळं झालं आणि शाफ्ट उघडा. तिथे काम बरंचसं परत फिरवता येण्याजोगं होतं. मूळ गिअरबॉक्स, फ्लायव्हील, पेडलं, शाफ्ट सगळं तेल लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवलं तर पुढचा मालक ते परत बसवू शकतो. इंजिन बदललेल्या गाडीत मूळ इंजिन भंगारात गेलेलं असतं.

ढकलपत्रात नसलेल्या दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. ऑटोमॅटिक गाडी आयडलिंगवरही पुढे सरकू पाहते, आणि फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये आणले. त्याआधीच्या रॉड-केबलच्या ब्रेकवर सिग्नलला पाय ठेवून उभं राहणं हा वेगळाच व्यायाम आहे. दुसरं, नंतरच्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये मागचा पंप नसतो. बॅटरी बसली तर गाडी कितीही ढकला, चालू होणार नाही. ओढून न्यायची तर मागची चाकं उचलून न्या, नाहीतर शाफ्ट सोडवून. इंजिन बंद असताना आत तेल फिरत नाही.