“आठ तासांचं विमान दहा तासांचं केलं” या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

मुंबई-लंडन विमानप्रवासात आईंचे पाय सुजले हे वाचून वाईट वाटलं. त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. खरं “अंतर आठ तासांचं, यांनी दहा तासांचं विमान गळ्यात मारलं, परतीला तर साडेतेरा तास लागले, फसवणूक आहे” असं तुम्ही चारचौघांत लिहिलंय. यावर गप्प बसलो तर उद्या खडे बाजारातलं कोण आमच्याकडं तिकीट काढेल?

मुंबई ते लंडन साधारण 7,200 किलोमीटर, बरोबर. ताशी 900 नं भागलं की आठ तास, तेही बरोबर. खरं हे अंतर सगळ्यात जवळच्या रेषेचं, आणि ती रेषा जाते कराचीच्या बाजूनं. एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केलीय. मग अरबी समुद्रावरून वळसा आलाच. चोर्ला घाट बंद असला की आपण आंबोलीवरून गोव्याला जातो, तेव्हा किलोमीटर वाढले म्हणून कोण ड्रायव्हरला धरतो काय? शिवाय वर दहा-अकरा किलोमीटरवर वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं. जाताना ते तोंडावर येतं, येताना पाठीवर. आणि तिकिटावरची वेळ ही विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते, नुसत्या उडण्याची नव्हे.

आता ते साडेतेरा तास. लंडनहून आई-बाबा दुपारी दीडला निघाले, मुंबईत पहाटे तीनला उतरले, आणि तुम्ही सरळ वजाबाकी केलीत. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात हो! उन्हाळ्यात ब्रिटन आपल्या साडेचार तास मागं (हिवाळ्यात साडेपाच). म्हणजे प्रवास झाला नऊ तासांचा. तुमच्याच हिशेबानं जाताना सकाळी साडेसहाला निघून दुपारी बाराला पोचले, म्हणजे साडेपाच तास! त्याबद्दल तारा वाढवलेला काही दिसला नाही.

परदेशी कंपन्यांना ती बंदी नाही, त्यांचं थेट विमान मी आधी दाखवलं होतं. महाग म्हणून तुम्हीच नको म्हणालात. दुबईवरून स्वस्त होतं, खरं आईंच्या गुडघ्यांमुळं मध्ये उतरायला नको. मग उरलं हेच. “दहा तास” असं कागदावर लिहून खाली लाल रेघ मारून दिलंय. त्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे, निळ्या खुणांसकट. दुकान बंद करायच्या वेळेला आलात तरी शटर अर्धं वर ठेवून बसलो होतो, ते राहू दे.

वयस्कर प्रवाशांना मध्येमध्ये उठून चालायचं, पाणी प्यायचं, हे यापुढं जरा नीट सांगत जाऊ. वेळेचंही काहीतरी ठळक छापून द्यायचा विचार आहे.

अभिप्राय काढा असं म्हणणार नाही. निदान “फसवणूक” एवढा शब्द तरी बदला. आणि बाबांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स इथंच राहिल्यात, सवडीनं येऊन घेऊन जा.