चालायला जायचं, तेही रिक्षानं

आई नाशिकहून फोनवर सांगते, "आज कृषीनगरला तीन फेऱ्या मारल्या." जॉगिंग ट्रॅकपर्यंत मात्र ती रिक्षानं जाते. चालण्यासाठी रिक्षा! तिला त्यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकेत सिएटलला येईपर्यंत मलाही वाटत नव्हतं.

२०२५च्या नोव्हेंबरात साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, नाशिकच्या तपोवनातली सतराशेहून जास्त झाडं तोडायची नोटीस निघाली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. मावसबहीण आंदोलनात. मामा म्हणाले, "बारा वर्षांनी कुंभ येतो, साधू काय गच्चीवर उतरवायचे?" मी झाडांच्या बाजूनं दोन ओळी टाकल्या, तर त्यांचं उत्तर आलं, "तू तिकडं बसून इथली झाडं मोजू नकोस."

लागलं मला. तरी मी झाडांच्याच बाजूचा आहे. फक्त एक गोष्ट टोचते. २०१५च्या कुंभातही साधुग्राम तपोवनातच होतं. पुढचा २०२७ला येणार, हे पंचांग चाळणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. मधल्या वर्षांत आपण, म्हणजे झाडंवाल्यांनी, तिथं नेमकं काय मागितलं? कुऱ्हाड दिसल्यावर धावलो. धावलो हे बरंच झालं, पण तोवर नकाशे दुसऱ्यांनी काढून ठेवले होते.

मी रोज ज्या वाटेनं सायकलवर कामाला जातो, ती बर्क-गिलमन ट्रेल पूर्वी रेल्वेमार्ग होती. १९७१मध्ये रेल्वे कंपनीनं तो सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा लोक रुळांवरून चालत गेले आणि इथं आम्हाला वाट हवी, असं सांगून आले. काठावरच्या घरमालकांचा विरोध होता: चोर येतील, घरांचे भाव पडतील. १९७८मध्ये एकोणीसेक किलोमीटरची वाट खुली झाली. १९८७मध्ये शहरानंच पाहणी केली, तर वाटेजवळची घरं सुमारे सहा टक्के जास्त भावानं विकली जात होती.

हे ऐकून इकडचं सगळं सोन्याचं समजू नका. बॅलार्ड भागात या वाटेचा जेमतेम सव्वादोन किलोमीटरचा तुकडा कारखानदारांच्या कोर्टकज्ज्यांत वर्षानुवर्षं लोंबकळला. त्याला इथं 'हरवलेला दुवा' म्हणतात. तिथं ट्रकांच्या मधून सायकल काढताना मला हटकून नाशिकचा द्वारका चौक आठवतो.

नाशकात रेल्वे कुणी सोडणार नाही. पण मखमलाबादच्या बाजूनं गंगापूर धरणाचा डावा कालवा जातो आणि कालवा म्हटला की कडेनं वाट असतेच. शेतकऱ्यांचा हक्क त्यावर पहिला, पाटबंधाऱ्याची गाडीही जाणार. पायी चालणाऱ्यानं त्यांचं काय बिघडतं? गोदापार्क नदीपात्राला खेटून केला आणि पुरानं त्याची दैना केली. कालव्याला निदान ती भीती कमी. कुणाची नजर पडून तिथं डांबर येण्याआधी ही वाट पायी आणि सायकलवाल्यांसाठी मागायला हवी. आता, काहीच पेटलेलं नसताना.

मामांना हे लिहिलं. "आधी जाऊन बघ, मग बोल," म्हणाले. मी कुठून बघणार? मग तेच तयार झाले. रविवारी मखमलाबादपासून निघून सलग किती चालता येतं ते मोजणार आहेत. आईलाही बरोबर नेणार आहेत. तिथपर्यंत अर्थात रिक्षानं.