फोन समुपदेशकानेच करावा

ग्रामीण रुग्णांना व्हिडिओ कॉलवरून धूम्रपान सोडायला मदत करता येते, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मनापासून पटलं. पण एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. फोन रुग्णाने करायचा नाही, समुपदेशकाने करायचा. सिगारेट सोडल्यावर पहिले 2-3 दिवस फार जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, कशात लक्ष लागत नाही. अशा वेळी माणूस स्वतःहून मदत मागेल ही अपेक्षाच चुकीची. महिन्यानंतरची अपॉइंटमेंट तेव्हा काय कामाची? त्याच आठवड्यात दोनदा तरी फोन जायला हवा.

औषधाचंही तसंच. तलफ कमी करायला निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि जोडीला निकोटिनचाच गम, असं दोन्ही दिलं तर एकट्या पॅचपेक्षा जास्त उपयोग होतो. पण बरेच जण हा गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहतात, मग मळमळतं, उचकी लागते आणि पाकीट तसंच पडून राहतं. हळूहळू चावायचा, तोंडात चुणचुणलं की थांबून गालात धरून ठेवायचा, हे कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटांत करून दाखवता येतं. रेंज नसेल तर साध्या फोनवरूनही समुपदेशन होतं, व्हिडिओसाठी अडून बसू नये. मात्र पॅच-गम घरपोच मिळायची सोय हवीच, नाहीतर औषधासाठी पुन्हा शहर गाठणं आलं.