किल्ला राहू दे, बसस्टॉप काढा

परवा इथल्या एका मैत्रिणीचा फोन आला, म्हणाली स्केचबुक घेतलं, पहिल्याच पानावर एडिनबरा कॅसल काढायला बसले, जमेना, आता वही कपाटात पडलीये. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय कारण मला हे अगदी मनापासून वाटतं. कॅसल काढूच नका, निदान सुरुवातीला तरी. रोज ज्या रस्त्याने जाता, जिथे बसची वाट बघता, भाजी घेऊन येताना जिथे जरा टेकता, ते काढा. आणि तिथेच उभं राहून काढा, फोटो घेऊन घरी सोफ्यावर बसून नाही.

मी एडिनबराच्या लीथ भागात राहते, सहा वर्षं झाली. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, त्यानंतर ब्रश हातात आला तो थेट इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात. डिसेंबरात इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो, जेमतेम सात तासांचा दिवस आणि तोही ढगाळ, ऑफिसातून निघावं तर मिट्ट काळोख. मग लंच ब्रेकमध्ये अर्धा तास वॉटर ऑफ लीथ नदीच्या कडेने चालायला लागले आणि कोटाच्या खिशात एक छोटी वही ठेवायला लागले. पहिलं पान बसस्टॉपचं आहे, ओला रस्ता, समोरून येणारी मरून-पांढरी बस, आणि तिचा मरून रंग रस्त्यावर लांबच लांब ओघळलेला. बस चुकलीये, चाकं चौकोनी आलीयेत, पण तो ओघळलेला रंग मात्र अगदी तसाच होता, आणि तोवर दोन वर्षं त्याच स्टॉपवर उभी राहून तो मला कधी दिसलाच नव्हता.

फोटोने का चालत नाही हे मला क्रॅमंडला कळलं. शहराच्या उत्तरेला फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीत क्रॅमंड आयलंड नावाचं छोटंसं बेट आहे, ओहोटीला फरसबंदी वाटेवरून चालत जाता येतं, भरतीला ती वाट पाण्याखाली जाते. (सुरक्षित वेळा तिथे बोर्डावर लावलेल्या असतात, त्या पाळा, दरवर्षी लोक तिकडे अडकतात.) वाटेच्या कडेने काँक्रीटचे उंच खांब एका ओळीत उभे आहेत, दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या बोटी अडवायला घातलेले. माझ्या फोनमध्ये त्या खांबांचे कमीत कमी चाळीस फोटो असतील. पण ज्या दिवशी दगडावर बसून पेन्सिलीने एक खांब काढायला घेतला तेव्हा दिसलं की खाली सगळं काळं-हिरवं, त्यावर बारीक शिंपल्यांचा खरखरीत थर, आणि मग एका ठराविक उंचीवर पट्टी लावून आखल्यासारखी रेघ, वर नुसतं कोरडं राखाडी काँक्रीट. ती भरतीची रेघ. प्रत्येक खांबावर, त्याच पातळीला. ती रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती, म्हणजे जिथे मी बसले होते तिथे काही तासांनी माझ्यावरून पाणी जाणार होतं. मी रत्नागिरीची, भरती-ओहोटी मला कोणी शिकवायला नको, पण हे पोटात शिरलं ते काढताना. चाळीस फोटोंमध्ये ती रेघ आहेच हो, घरी येऊन पाहिली मी. बघितली मात्र नव्हती.

आई गेल्या वर्षी मे महिन्यात आली होती. आर्थर्स सीटचा डोंगर तेव्हा गॉर्सच्या झुडपांनी पिवळाधमक असतो, काटेरी झुडूप, हात लावाल तर ओरबाडेल. वरपर्यंत तिला झेपणार नव्हतं म्हणून खालच्या उतारावरच बसलो, मी वही काढली, ती शेजारी. ऊन पडलं तशी म्हणाली, "अगं, खोबरं कोण किसतंय इथे?" मी हसले नाही कारण गॉर्सच्या फुलांना खरंच खोबऱ्याचा वास येतो, उन्हात जास्तच. वास काही काढता येईना, म्हणून पिवळ्या ठिपक्यांच्या शेजारी आईचं वाक्य आणि तारीख लिहून ठेवली. तेव्हापासून प्रत्येक पानावर एक ओळ लिहिते, कोण काय म्हणालं, वारा कुठून होता, हात किती गारठले होते. आईने तिकडे परत गेल्यावर आधी त्याच पानाचा फोटो मागवला, कॅसलसमोरच्या सेल्फीचा नाही.

लोक म्हणतात इथल्या हवेत बाहेर बसून कसं काढणार. पटतं, थंडीत वॉटरकलर वाळतच नाही, समुद्रावरून हार म्हणजे इथलं दाट धुकं आलं की समोरचं अख्खं दृश्यच गायब. पण रेघ जागेवर मारा, रंग घरी येऊन भरा. जुना इंग्लिश चित्रकार टर्नर स्कॉटलंडमध्ये फिरायचा तेव्हा तोही जागेवर बहुतेक वेळा पेन्सिलच वापरायचा. त्याची 38 वॉटरकलर्स हेन्री वॉन नावाच्या संग्राहकाच्या मृत्युपत्रातून 1900 साली इथल्या नॅशनल गॅलरीला मिळाली, अट अशी की फक्त जानेवारीत दाखवायची, कारण त्या महिन्यात उजेड सगळ्यात मंद आणि कागदावरचे रंग उडत नाहीत. जानेवारीत फुकट बघायला मिळतात, नक्की जा. इतक्या लहान कागदावर इतकी हवा मावते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

आणि महागडं सामान घेऊ नका. कागद तेवढा जाड घ्या, मी पहिल्यांदा पातळ कागदाची वही घेतली आणि पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या हाताला, पानं पापडासारखी वाकली. बाकी एक टूबी पेन्सिल, बारा रंगांची छोटी पेटी, पुरे. माझी पेटी अजून घरून आणलेली कॅमलचीच आहे.

बसायला जागेचाही प्रश्न नाही इथे. 2003 च्या कायद्याने डोंगर, माळ, किनारा, कुठेही जबाबदारीने फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, कुणाच्या घराच्या आवारात आणि उभ्या पिकात शिरू नका म्हणजे झालं.

त्या मैत्रिणीला घेऊन रविवारी क्रॅमंडला जातेय, ओहोटीची वेळ बघून. अजून कोणी येणार असेल तर सांगा, टूबी पेन्सिली माझ्याकडे जास्तीच्या आहेत.